सायकलचा पट्टा मागायचा की सडकेवरचीच जागा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावापासून हायस्कूल चार किलोमीटर, वाट राज्यमार्गावरून. त्या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झालंय. शाळा व्यवस्थापन समितीतले काही जण म्हणतात, पोरींच्या सायकलींसाठी वेगळा पट्टा मागून घेऊ. तालुक्याहून आलेले एक हौशी सायकलवाले मात्र सांगून गेले की पट्टा मागूच नका, तो एकदा झाला की सडकेवरून सायकल हद्दपार होते. तुम्हाला ग्रामसभेत ठराव मांडायचाय आणि दोन्हीकडची मंडळी हट्टाला पेटलीत.

रस्त्यांच्या कामात माझी तेहतीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या काळ्या मातीत. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हा साइटवर सायकलनेच जायचो. आता निवृत्तीनंतर पुन्हा सायकलवर आलोय, गुडघे कुरकुरतात तरी. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा विषय पाहिलाय, आणि एक पट्टा स्वतः बांधून फसलोही आहे. तिथूनच सुरुवात करतो.

एका तालुक्याच्या गावी बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत दीडेक किलोमीटरचा सायकल पट्टा करायचं ठरलं. आराखडा माझा. पेव्हर ब्लॉक, कडेला कर्ब म्हणजे सिमेंटचा उंच काठ, रंगवलेल्या सायकलच्या खुणा. उद्घाटन झालं, पोरं-पोरी पहिले काही महिने हौसेने त्यावरून गेली. मग कृषी केंद्रासमोर खताच्या थैल्या उतरू लागल्या. एक ऑटोस्टँड आपोआप उभा राहिला. मधोमध विजेची डीपी होती, ती हलवायला पैसे नव्हते, म्हणून पट्टा तिला वळसा घालून गेला आणि वळशावर पाणीपुरीची गाडी लागली. नाल्यावरच्या मोरीशी, म्हणजे छोट्या पुलाशी, पट्टा संपत होता, कारण मोरी रुंद करायची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. म्हणजे सडक जिथे सगळ्यांत अरुंद, नेमकी तिथेच आम्ही सायकल परत सडकेवर आणून सोडत होतो.

सायकलवाले हळूहळू सडकेवर परतले. इथवर काही फार बिघडलं नव्हतं, पैसे वाया गेले एवढंच. खरं नुकसान दोन ठिकाणी झालं. पहिलं म्हणजे पट्ट्याला जागा काढताना मी साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मोकळी पट्टी, कापली होती. पूर्वी मागून ट्रक आला की सायकल मुरमावर उतरायची. आता तिथे सहा इंचाचा कर्ब उभा. एका पोराचं पेडल त्या कर्बला अडकलं आणि तो आत, डांबरावर पडला. मागचा ट्रॅक्टरवाला सावध होता म्हणून निभावलं. दुसरं नुकसान मोजपट्टीने मोजता येत नाही. एका सकाळी मी तिथे उभा असताना ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हर ओरडला, "ए पोरी, तुह्यासाठी तिकडे रस्ता बांधला ना, मंग इकडे काहून मरून रायली?" पट्टा होण्याआधी तो हॉर्न वाजवून बाजूने गेला असता. आता त्याला वाटत होतं की ती पोरगी त्याच्या जागेत घुसली आहे.

म्हणजे तुमच्या त्या सायकलवाल्या पाहुण्याचं म्हणणं हवेतलं नाही. आणि ही भीती जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर त्या देशातला पहिला सायकल ट्रॅक सुरू झाला, तेव्हा सर्वांत मोठ्याने विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने. त्यांचं म्हणणं हेच, की आज सोय म्हणून द्याल आणि उद्या सडकेवरून हाकलाल. त्याच वर्षी जर्मनीत ते खरंही झालं. तिथल्या वाहतूक नियमांनी जिथे सायकल मार्ग आहे तिथे तोच वापरण्याची सक्ती केली. मोटारी वेगाने जाव्यात हा त्यामागचा एक हेतू होता. ही सरसकट सक्ती १९९७ च्या दुरुस्तीने सैल झाली, निळी पाटी असेल तिथेच सक्ती असं ठरलं. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आणखी ठामपणे सांगितलं की विशेष धोका असल्याशिवाय अशी पाटी लावता येणार नाही. एकदा सोडलेली जागा परत मिळवायला साठ ते पंचाहत्तर वर्षं लागली.

पण इथे थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. हॉलंडमध्ये १९७० च्या सुमारास रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला तीन हजारांवर गेले होते आणि त्यांत शेकडो लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यानंतर तिथे सायकल मार्गांचं जाळं विणलं गेलं. तिथेही गोल निळी पाटी असलेला मार्ग वापरणं सक्तीचंच आहे, पण कुणी कुरकुरत नाही, कारण मार्ग सलग आहे, रुंद आहे आणि चौकात सायकलला विसरत नाही. स्पेनच्या सेव्हिल शहरात २००६ नंतर चार-पाच वर्षांत शंभर किलोमीटरच्या वर जोडलेले मार्ग झाले आणि जिथे सायकल नावालाच होती तिथे ती रोजची झाली. दोन्हीकडे सडकेवरचे सायकलवाले कमी झाले असतील, पण एकूण सायकलवाले वाढले.

याउलट इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज या नव्या वसवलेल्या गावात सुरुवातीपासून उत्तम सायकल मार्ग होते, बोगदे होते, सगळं होतं. तरी लोक मोटारीतच बसले, कारण मोटारीला त्याहून सोपा रस्ता दिला होता. पट्टा बांधला की सायकल वाढते असं समजणाऱ्यांनी हे गाव लक्षात ठेवावं.

मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो कोपनहेगनचा अनुभव. तिथे रस्त्यालगत ट्रॅक केल्यावर सायकलींची वाहतूक १८ ते २० टक्क्यांनी वाढली, मोटारी ९ ते १० टक्क्यांनी घटल्या, लोकांना सुरक्षित वाटू लागलं. आणि अपघात? तेही ९ ते १० टक्क्यांनी वाढले, मुख्यतः चौकांमध्ये. दोन चौकांच्या मधल्या सरळ लांबीवर ट्रॅक तुम्हाला वाचवतो आणि फाट्यावर तोच घात करू शकतो. कारण साधं आहे. जो ड्रायव्हर सायकलला डोळ्यांसमोर पाहत आला नाही, त्याला ती वळणावर अचानक आडवी येते.

आपल्याकडे ही फाट्याची गोष्ट जास्त टोचते, कारण आपण पैसे वाचवायला पट्टा एकाच बाजूला करतो आणि त्यावर दोन्हीकडून सायकली सोडतो. आता गावातून मोटारसायकलवाला फाट्यावर येतोय असं समजा. त्याला डावीकडे वळायचंय. तो बघतो उजवीकडे, कारण जवळच्या लेनमधली वाहनं तिकडूनच येतात. त्याच वेळी डाव्या हाताने, उलट दिशेने पट्ट्यावरून पोरगी येते. त्याची मान तिकडे वळतच नाही. चूक ना त्याची ना तिची. चूक ज्याने नकाशा काढला त्याची.

आता तुमच्या सडकेकडे येऊ. ठरावात भावना कमी आणि मीटर जास्त असू द्या. ट्रकची कायद्याने चालणारी कमाल रुंदी २.६ मीटर. सायकलचं हँडल दीड-दोन फुटांचं असलं तरी चालवताना ती डुलते, म्हणून हिशेबात एक मीटर धरतात. साडेपाच मीटरच्या डांबरावर समोरासमोर दोन ट्रक आले की त्यांचे ५.२ मीटर गेले, उरले ३० सेंटिमीटर. तिथे सायकल नाही, कुत्रंही मावत नाही. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर १.८ मीटर उरतात, ते दोन ट्रकांमधल्या आणि कडेच्या मोकळ्या जागेतच संपतात. म्हणजे रुंदीकरण होऊनही सायकल पुन्हा मुरमावरच. पण सात मीटरच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची डांबरी साइडपट्टी धरली तर रस्ता दहा मीटरचा होतो, आणि दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असतानाही दोन्ही कडांना सायकल आपल्या जागी राहते. राष्ट्रीय महामार्गांच्या दुपदरी कामांत हा दहा मीटरचा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची आडवी मांडणी, नेहमी वापरतात. तुमच्या कामात तो आहे का, हे सर्वांत आधी विचारा.

'साइडपट्टी' हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे चिखल येतो, आणि ते बरोबर आहे. आपली कापसाची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. त्यावर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत मातीत जातो. वरून दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, सडक दोन-चार सेंटिमीटर उंच होते, पण साइडपट्टी भरण्याची बाब अंदाजपत्रकात वेगळी असते आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. हे मी स्वतःच्या सहीने केलंय, लपवत नाही. तीन थर आणि खचलेला मुरूम मिळून डांबराच्या काठाला वीतभर पायरी तयार होते. ट्रकचा हॉर्न ऐकून पोरगी त्या पायरीवरून उतरते तेव्हा पुढचं चाक तिरकं होतं आणि ती पडते. हा अपघात कागदावर 'सायकल घसरून पडली' असा येतो, ट्रकचा उल्लेखही नसतो.

म्हणून माझं मत असं. तुमच्यासारख्या दुपदरी ग्रामीण सडकेवर पहिली मागणी दोन्ही बाजूंना डांबरी, सडकेच्याच पातळीवरच्या साइडपट्टीची करा. मोरीवरसुद्धा तीच रुंदी. ती कायम सडकेचाच भाग असते, तिच्यावर खताच्या थैल्या सहसा पडत नाहीत, दुरुस्ती सडकेबरोबरच होते, आणि ड्रायव्हरच्या नजरेतून सायकल कधी जात नाही. आणखी एक गोष्ट मला सायकल चालवूनच कळली. वाहनांच्या वाऱ्याने आणि चाकांनी सडक आपोआप झाडली जाते. वेगळ्या पट्ट्यावर बाभळीचा काटा पडला की तो पुढच्या पावसापर्यंत तिथेच. ज्या पोरीच्या घरी पंक्चरचे पैसे मागायचे म्हणजे आईचं तोंड बघावं लागतं, ती दुसऱ्या पंक्चरनंतर पट्टा सोडते. आणि काट्यांना वाट करून देणारे आपणही आहोत. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे तूर वाळत घालायला सिमेंटचा कोरा पट्टा मिळाला तर कोण सोडेल? मीही शेतकऱ्याचाच मुलगा, मीही सोडला नसता. कुटार उडतं, कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे टेकतात, आणि पट्टा खळं होऊन जातो.

मग वेगळा पट्टा कधीच नको का? तसं नाही. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या सायकल ट्रॅकविषयीच्या जुन्या, १९६२ च्या शिफारशींत एक साधा आडाखा होता. गर्दीच्या तासाला मोटार वाहनं १०० ते २०० असतील तर सायकली ४०० च्या वर असल्या तरच वेगळा ट्रॅक. वाहनं २०० च्या वर गेली तर मात्र १०० सायकलींनाही ट्रॅक समर्थनीय. ती शिफारस २०१५ मध्ये सुधारली गेली, पण गावपातळीवर मोजायला मला जुना आडाखाच सोपा वाटतो. त्यातलं तत्त्व बघा: वाहनं जितकी जास्त, तितक्या थोड्या सायकलींसाठीही वेगळं करणं योग्य. शाळा भरायच्या आधीचा एक तास मोरीच्या कठड्यावर दोन शिक्षक बसवा, एक सायकली मोजेल, एक वाहनं. जिनिंगचा हंगाम धरून मोजा, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. जूनमध्ये मोजलं तर कापसाच्या गाड्या दिसणारच नाहीत. आकडे ठरावाला जोडा. 'विद्यार्थिनींची गैरसोय होत आहे' या वाक्याची फाइल मी शेकडो वेळा बाजूला ठेवलीय, आकड्यांची फाइल बाजूला ठेवताना हात जरा थांबायचा.

चौपदरी महामार्गावर माझं मत सरळ उलटं आहे. नागपूर-अमरावती किंवा नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेने बारा-पंधरा वर्षांच्या पोरीने सायकल चालवावी असं मी म्हणणार नाही, साइडपट्टी कितीही गुळगुळीत असो. ताशी बाराच्या वेगाने जाणाऱ्या सायकलला ताशी ऐंशीची गाडी ओलांडते तेव्हा फरक अडुसष्टचा. तिथे सर्व्हिस रोड किंवा वेगळा मार्गच हवा, आणि तो गावापासून शाळेपर्यंत सलग हवा. 'सायकलला सडकेवर हक्क आहे' हे तत्त्व मला मान्य आहे, पण तत्त्व पाळायला मी तुमची पोरगी पुढे करणार नाही. ते हौशी सायकलवाले पाहुणे हेल्मेट घालून पंचवीसच्या वेगाने जात असतील, पाठीवर दप्तर नाही, मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ नाही. त्यांचं गणित तुमच्या पोरींना लावू नका.

आता एक अशी गोष्ट जी शहरातल्या वादात कधी येत नाही. पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. तुमच्या गावापासून हायस्कूलच्या गावापर्यंत जुनी पांदण असण्याची शक्यता बरीच आहे, कारण सडकेच्या आधी बैलबंड्या तिथूनच जायच्या. तलाठ्याकडे गावनकाशा बघा. पांदण बहुधा सडकेपेक्षा सरळ आणि म्हणून जवळची असते. वेगळा सायकल मार्ग म्हणून मला सर्वांत पटणारी जागा हीच, कारण तिच्यासाठी सडकेची एक इंचही जागा द्यावी लागत नाही. सडकेचा हक्क शाबूत आणि वर एक वाट जास्तीची. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये रोजगार हमीच्या सांगडीने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना बंडी-ट्रॅक्टरसाठी रस्ता हवाच असतो, तुमची मागणी त्यात मिसळली तर विरोध करणारं कोणी उरत नाही. अतिक्रमण असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराला अडथळा दूर करायचे अधिकार आहेत. मात्र तो कागद शेवटी काढा. आधी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून चहा घ्या, निम्मी अतिक्रमणं तिथेच सुटतात.

पांदणीच्या कामात एकच अट धरून बसा: दोन्ही बाजूंना नाली. काळ्या मातीत नालीशिवाय टाकलेली खडी म्हणजे दुधात टाकलेली साखर, दिसेनाशी होते. आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडणारच, तेव्हा मधला किंवा कडेचा मीटरभर भाग घट्ट दाबून ठेवायला गावातलंच कोणी तरी जबाबदार नेमा. पावसाळ्याचे दोन-तीन महिने पांदण बंद पडेल असंच धरून चाला, तेव्हा सडक लागतेच.

पण पांदणीचा एक दोष मी झाकणार नाही. ती एकांतात असते. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. शाळा सुटून पोरी निघतात तेव्हा दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर उभी असते, त्यात रानडुक्कर असतं, आणि कधी डुकरापेक्षा वाईट माणूस असतो. यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ साली वाघिणीच्या भीतीने लोकांनी दिवसाउजेडीही वावरात जाणं सोडलं होतं. तिथल्या आईला 'पांदणीने पाठव' असं सांगायची माझी हिंमत नाही. सडकेवर ट्रकची भीती असते, पण तिथे लोकही असतात, पानठेला असतो, कोणी ना कोणी बघत असतं. म्हणून वाट कोणती हे पुरुषांनी ग्रामसभेत ठरवू नये. आठवी ते बारावीच्या पोरींना बसवून विचारा, कोणत्या वळणावर त्या दोघी-तिघी मिळून थांबतात आणि एकत्रच पुढे जातात. ते वळण तुमच्या नकाशातलं पहिलं काम. मी एकदा असं विचारलं तेव्हा कळलं की आम्ही ज्याला 'धोकादायक वळण' अशी पाटी लावली होती ते पोरींच्या यादीत नव्हतंच. त्यांच्या यादीत एक बंद पडलेलं गोदाम होतं.

शासन मानव विकास कार्यक्रमातून गरजू पोरींना सायकलीसाठी पैसे देतं, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. सायकल आली, पण ती कशावरून चालवायची हे त्या योजनेत कुठेच नाही. सायकल एका खात्याची, सडक दुसऱ्याची, पांदण तिसऱ्याची. तुमचा ठराव या तिन्हींकडे जायला हवा, आणि शाळेने लाभार्थी पोरींची संख्या गावनिहाय काढून त्याला जोडावी. ही माहिती शाळेच्या दप्तरात तयारच असते.

आता कायद्याचं. सायकलस्वाराने पट्टा असेल तर पट्ट्यानेच जावं अशी सक्ती मोटार वाहन कायद्यात देशभर कुठे नाही. उलट नियम मोटारींवर आहे: सायकल ट्रॅकवर किंवा फूटपाथवर मोटार वाहन घालायचं नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला सायकल, बंडी आणि पादचारी यांच्या वावराचे नियम करण्याचा अधिकार दिलाय, म्हणजे दार किलकिलं आहे. आणि बंदी यायला पट्टा लागतोच असंही नाही. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकल बंद केली, पर्यायी मार्ग नसताना. आपल्या दाराशीच बघायचं तर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सायकलच काय, मोटारसायकललाही जागा नाही. तिथे ते योग्यच आहे. माझी तक्रार बंदीशी नाही. अशा रस्त्याने गावाच्या जुन्या वाटा तुटतात, त्यांना खालून किंवा वरून पुन्हा जोडलं की नाही, एवढंच मी बघतो. जिथे भुयारी मार्ग नीट आणि जवळ दिलाय तिथे उलट फायदाच झालाय, लांबची जड वाहतूक जुन्या सडकेवरून उठली की ती सडक सायकलला आपोआप मोकळी होते.

म्हणून ठरावात एक वाक्य घालाच: 'सायकलसाठी स्वतंत्र मार्ग झाल्यास मूळ रस्त्यावर सायकलला मज्जाव करू नये व त्या कारणाने साइडपट्टीची रुंदी कमी करू नये.' आणि पाट्या लागतील तेव्हा नजर ठेवा. निळ्या गोलातली सायकल ही पाटी सक्तीच्या पाट्यांमध्ये मोडते. अर्धवट पट्ट्याच्या तोंडाशी ती लावली की उद्या अपघातानंतर 'पट्टा असताना सडकेवर का आली' हा प्रश्न पोरीच्या बापाला विचारला जाईल. मी असे जबाब वाचलेत. लाल गोलातली सायकल असेल तर सरळ हरकत घ्या.

फाट्याबद्दल दोन शब्द. वाहनाचा वेग तिथे कमी झाला नाही तर पट्टा, साइडपट्टी, सगळं व्यर्थ आहे. गतिरोधक मागाल तर मापाचा मागा: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. गावकरी रात्रीतून घालतात तो मुरमाचा ढिगारा नको, त्यावर पहिली सायकलच पडते. रम्बलर पट्ट्या, म्हणजे वेग कमी करायला सडकेवर आडव्या घातलेल्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या, घालणार असतील तर काठाचा मीटरभर भाग सायकलसाठी सपाट सोडायला सांगा. मोटारसायकलवालेही त्या फटीतून जातील, हो, मला माहीत आहे. तरी सोडा.

आणि झाडं. रुंदीकरणाच्या यादीत तुमच्या सडकेवरचे कडुलिंब आणि चिंचा असतीलच. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली तरी सुटायच्या वेळी ऊन डोक्यावर असतं, आणि आपल्याकडचं ऊन काय चीज आहे हे सांगायला नको. सावली गेली की सायकल जाते, हे मी आराखड्यात कधी लिहू शकलो नाही, कारण त्याला रकाना नव्हता. जमलं तर जुनी झाडांची रांग जशीच्या तशी ठेवून तिच्या पलीकडून, शेताच्या बाजूने मार्ग मागा. वेगळ्या पट्ट्याच्या बाजूने मला पटलेला सर्वांत सबळ मुद्दा हाच: झाडांच्या पलीकडे पट्टा गेला तर झाडं वाचतात. मात्र त्यासाठी सडकेच्या हद्दीत तेवढी जागा हवी, आणि ती आहे की शेजारच्या वावरात गेलीय हे मोजणीशिवाय कळणार नाही.

ग्रामसभेच्या आधी संबंधित उपविभागीय कार्यालयातून कामाचा छेद, म्हणजे आडवा नकाशा, मागवून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करायची वेळ बहुधा येणार नाही, नीट विचारलं तर दाखवतात. त्यात डांबराची रुंदी, साइडपट्टीची रुंदी आणि ती मुरमाची की डांबरी, हे तीन आकडे उतरवून घ्या. मग प्रत्येक मोरीचं पान वेगळं बघा. सडक दहा मीटर आणि मोरी साडेसात मीटर असं अजूनही निघतं. फाट्यापुढच्या नाल्यावर तुमच्याकडे जी मोरी आहे तिचे कठडे जुने, दगडी असतील, तर टेप घेऊन आतल्या बाजूने मोजा आणि मला तो आकडा कळवा. त्यावरून पुढे काय लिहायचं ते ठरवू.